शनिवारची पिशवी

शनिवारी दुपारची जेवणे उरकली की आजी आपली पिशवी भरायला घेत. भरायला फार काही नसेच. दोन जोड कपडे, टॉवेल, कंगवा, गोळ्यांचा डबा आणि नवऱ्याचा एक जुना स्वेटर, जो आता त्याच घालत. या कामासाठी त्यांना विचार करावा लागत नसे. हात आपले आपण घड्या घालत, चेन ओढत आणि पिशवी दाराशी नेऊन ठेवत. तोवर थोरली सून त्यांच्या गादीवरची चादर काढून मशीनमध्ये टाकी. पुढचा आठवडाभर त्या गादीवर नातीच्या मैत्रिणी अभ्यासाला बसायच्या असत.

"आई, गोळ्या घेतल्यात ना? मागच्या वेळी राहिल्या होत्या," सून म्हणे. तिचा आवाज काही वाईट नसे. पार्सल द्यायच्या आधी पत्ता एकदा वाचून बघावा, तसा असे.

मग थोरला त्यांना गाडीत घाली आणि वाचनालयाच्या फाटकाशी आणून सोडी. तो विमा कंपनीत साहेब होता आणि वेळेचा पक्का होता. गाडीचे इंजिन तो बंद करत नसे. आजी उतरल्या, दार लागले, की गाडी वळलीच. वाचनालय बंद व्हायच्या सुमाराला धाकटा येई. त्याचे औषधांचे दुकान होते. पिशवी स्कूटरच्या पुढ्यात, आई मागे, अशी तो वरात घरी नेई. पुढच्या शनिवारी हेच सारे उलट. धाकट्याने आणायचे, थोरल्याने न्यायचे.

हे सुरू झाले त्यांचे यजमान गेल्यावर. राहते घर विकायचे ठरले आणि त्यात दोघा भावांचे असे काही बिनसले की मधून विस्तव जाईना. तरी वाटण्या रीतसर झाल्या. भांडी वाटली, कपाटे वाटली, पलंग वाटला, आणि सगळे वाटून झाल्यावर रिकाम्या खोलीत आई उरली. तिचे दोन तुकडे करता येत नव्हते म्हणून तिचे आठवडे केले. दोघेही सुशिक्षित, चारचौघांत मान असलेले. आईला वाऱ्यावर सोडले असे कुणी म्हणू नये याची दोघांनाही काळजी होती, आणि कुणी तसे म्हटलेही नाही. उलट गावात कौतुकच झाले, की बघा, दोन्ही मुलगे सांभाळतात.

प्रश्न एवढाच होता की आईची देवघेव करायची कुठे, कारण एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही असे दोघेही बोलून बसलेले. पहिल्यांदा पेट्रोल पंपावर झाली. तिथे बसायला जागा नव्हती. मग एका बँकेच्या पायऱ्यांवर झाली, तर तिथल्या रखवालदाराने हटकले. शेवटी थोरल्या सुनेला कुणीतरी सांगितले की वाचनालयात शनिवारी ज्येष्ठांचा वाचनकट्टा असतो. खुर्च्या आहेत, पंखा आहे, पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, आणि सगळे फुकट. तिथपासून आजी वाचनालयाच्या झाल्या.

वाचनालय लहान होते, पण नावे ठेवायला जागा नव्हती. दोन दालने, एक कचेरी आणि मागे हिरवळीचा तुकडा. रविवारी तिथे मुलांना गोष्टी सांगत. नोकरी शोधणाऱ्यांना संगणकावर अर्ज भरून देत. अंथरुणाला खिळलेल्या वाचकांकडे शिपाई सायकलवरून पुस्तके पोचवी, आणि बरेचदा पुस्तकाबरोबर त्यांची भाजीही. या सगळ्याच्या मागे ग्रंथपालबाई होत्या. बाई चाळिशीच्या, सतत घाईत, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि कपाळावर सरकवलेला चष्मा. गावात कुणी एकटे पडू नये असा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्या कमिटीशी भांडत, देणग्यांसाठी दारोदार फिरत. माणसे आली, बसली, हसली, की बाईंचा दिवस सार्थकी लागे.

वाचनालयाचा एक नियम मात्र कडक होता. पिशव्या आत न्यायच्या नाहीत. फार वर्षांपूर्वी कुणी सद्गृहस्थाने कोशाचा एक अख्खा खंड पिशवीतून पळवला, तेव्हापासून दारालगत एक मांडणी केली होती. आले की पिशवी मांडणीवर ठेवायची, जाताना उचलायची. त्यामुळे पिशवीत काय आहे, ती एवढी फुगलेली का आहे, हे कुणी कुणाला विचारत नसे. विचारायचे कारणच नव्हते.

आजी पिशवी ठेवत आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत. कट्ट्यावर एक कादंबरी धरलेली असे आणि ती पाळीपाळीने मोठ्याने वाचत. एक निवृत्त पोस्टमन होते, ते प्रत्येक ओळ तार वाचल्यासारखी वाचत आणि पाळी संपली की डुलकी काढत. एक सिस्टर होत्या. म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, पण सगळा गाव त्यांना सिस्टरच म्हणे. त्यांचे डोळे अधू झाले होते, तरी तोंड शाबूत होते. वाचणारा चुकला की त्या ऐकणाऱ्यांतून त्याला दुरुस्त करत. आजी कधीच वाचत नसत. पाळी आली की त्या मान हलवत आणि पुस्तक पुढे सरके. त्यांना वाचता येत नसावे असे सगळे धरून चालले होते. खरे कारण असे की त्यांचा चष्मा नेमका नेहमी दुसऱ्या घरी राहिलेला असे. हे सांगायचे तर ते दुसरे घर कुठले, हेही सांगावे लागले असते.

एकदा सिस्टर म्हणाल्या होत्या, "ताई, माझी मागची खोली रिकामीच आहे. बहीण गेल्यापासून भिंतींशी बोलते मी. या की राहायला." बोलणे सहज होते, की सिस्टरना काही उमगले होते, कोण जाणे. आजी तेव्हा घाईने म्हणाल्या होत्या, की छे, दोन दोन मुलगे आहेत मला. आणि विषय तिथेच मिटला.

थोरल्याकडे दिव्याचे बटण उशाच्या डाव्या भिंतीवर होते, धाकट्याकडे पायथ्याशी. पहाटे जाग आली की आजींचा हात भिंतीवर फिरत राही आणि आपण कुणाकडे आहोत ते त्यांना बटण सापडल्यावर कळे. सुरुवातीला त्या अंधारात त्यांना रडू येई. मग ते येईनासे झाले. त्यांना बरे वाटले, की चला, सवय झाली. सवय झाली नव्हती, आतले काहीतरी बधिर झाले होते, आणि बधिर झालेले दुखत नाही एवढेच. जेवायला वाढले की जेवायचे, टीव्ही बंद झाला की हॉलमधली घडीची खाट उघडायची, शनिवार आला की पिशवी भरायची. मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. कुणी कुणाकडे तक्रार करावी असे त्या दोन्ही घरांत काही घडत नव्हते. आपल्याकडच्या कितीतरी आया अशाच काही न घडणाऱ्या घरांत राहतात.

तर अशात वाचनालयाचा वर्धापनदिन आला. ग्रंथपालबाईंच्या मनात आले की दर वर्षी सगळ्यांत जास्त पुस्तके वाचणाऱ्याचा सत्कार होतो, यंदा ऐकणाऱ्याचा का करू नये? त्या खिडकीजवळच्या आजी. ऊन असो, पाऊस असो, एक शनिवार चुकवलेला नाही. कमिटीला कल्पना फार आवडली. बाईंनी मोठ्या हौसेने दोन्ही मुलांना वेगवेगळे फोन केले, आणि दोघांनीही आनंदाने होकार दिला. आता आपल्या आईचा सत्कार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

त्या शनिवारी आजींना थोरल्याने आणले. या वेळी इंजिन बंद केले, कारण सगळे घरच आले होते, सुनेच्या आईवडिलांसह. धाकटा आपल्या बायकोला घेऊन आला आणि पलीकडच्या टोकाला बसला. आजींनी नेहमीप्रमाणे पिशवी मांडणीवर ठेवली. अध्यक्ष बोलले, कार्यवाह बोलले. ग्रंथपालबाई बोलताना तर गहिवरल्या. म्हणाल्या, की वाचनावर असे निस्सीम प्रेम आजकाल बघायला मिळत नाही, घरच्यांचा भक्कम पाठिंबा असल्याशिवाय हे होत नाही. घरच्यांनी माना खाली घातल्या, विनयाने.

मग 'आदर्श श्रोता' असे लिहिलेले मानपत्र आणि एक पुष्पगुच्छ आजींच्या हातात आला. टाळ्या झाल्या. फोटोसाठी एकीकडे थोरला उभा राहिला, एकीकडे धाकटा. दोघांनी आईच्या खांद्यांवर हात ठेवले. तो भार आजींना स्पष्ट जाणवला. किती दिवसांत कुणी असा हात ठेवला नव्हता. त्यांना वाटले, हा असाच राहावा थोडा वेळ. फोटोवाल्याने 'झाले' म्हटले आणि दोन्ही हात एकदमच उचलले गेले.

चहा झाला, बिस्किटे झाली. लोक आजींना भेटून, मुलांची पाठ थोपटून निघाले. दोघे भाऊ एकमेकांची नजर चुकवत दोन दारांनी बाहेर पडले. ज्येष्ठ मंडळींना न्यायलाही त्यांची त्यांची माणसे आली. हॉल रिकामा झाला. शिपाई सतरंज्या गुंडाळू लागला, सिस्टर खुर्च्या एकात एक घालू लागल्या. आजी खिडकीजवळ गुच्छ मांडीवर घेऊन बसून होत्या.

"आजी, अजून कुणी आलं नाही?" ग्रंथपालबाईंनी विचारले.

"येईल."

बराच वेळ गेला. खिडकीबाहेरचे ऊन गेले, दिवे लागले. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिले आणि थोरल्याला फोन लावला. हॉल इतका शांत होता की पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तो कुठल्याशा हॉटेलात होता, मागे काटे-चमचे वाजत होते.

"आजपासून ती धाकट्याकडे असते," तो म्हणाला. "मी माझ्या वेळेला आणून सोडली आहे, तुम्ही पाहिलंत."

बाईंना नीट कळले नाही. त्यांनी धाकट्याला फोन लावला.

"दादाच होता की तिथं, सगळा लवाजमा घेऊन," धाकटा म्हणाला. "मिरवायला त्यानं आणि न्यायला आम्ही? मला वाटलं आज तोच नेईल. माझं दुकान उघडंय हो."

बाई फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. आजपासून. माझ्या वेळेला. आणून सोडली. त्यांची नजर दारालगतच्या मांडणीकडे गेली. तिथे एकच पिशवी उरली होती. तिची चेन पूर्ण लागली नव्हती आणि फटीतून स्वेटरची बाही बाहेर आली होती. गेले कित्येक महिने ती पिशवी बाई दर शनिवारी पाहत होत्या. पुस्तके ने-आण करायला असेल, असे त्यांनी ठरवून टाकले होते. ज्या बाईला वाचता येत नाही असे त्यांनी धरले होते, ती एवढी पुस्तके कशाला नेईल, हे त्यांना सुचले नव्हते. बाईंना आपल्या मघाच्या भाषणातला एक एक शब्द आठवला आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"म्हणजे आता मी तुमच्या आईला पायरीवर बसवून कुलूप लावू का?" त्या फोनवर म्हणाल्या. मग धाकटा म्हणाला, येतो.

बाई आजींजवळ आल्या. आजींना आणखी वाट बघायला लावायला त्यांचे मन धजेना. "चला आजी, मीच सोडते तुम्हाला."

"कुठं सोडता?" आजींनी विचारले.

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचे होते. सिस्टर हातातली खुर्ची धरून थांबल्या.

आजींना वाईट वाटत नव्हते. आपले दोन्ही मुलगे फोनवर काय बोलले ते त्यांनी ऐकले होते आणि ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावे असे त्यांना वाटले होते. हीच गोष्ट त्यांना आता जरा विचित्र वाटू लागली. पोटच्या पोरांनी असे बोलावे आणि आपल्याला काहीच होऊ नये? त्यांनी गुच्छातले एक पान तोडले, चुरगाळले. बोटांना ओल लागली. तेवढी मात्र कळली.

स्कूटर वाजली. धाकटा आत आला. घाईत होता, घामाघूम झाला होता. तो आधी मांडणीकडे गेला. पिशवी उचलून त्याने खांद्याला लावली आणि मग आई कुठे आहे ते पाहायला मान वळवली.

आजींनी ते पाहिले. आधी पिशवी, मग आपण. आणि किती काळाने कोण जाणे, त्यांना राग आला. तो पायांतून वर चढला, पण आवाज स्थिर राहिला.

"पिशवी ठेव."

"काय?"

"होती तिथं ठेव. मी येत नाही."

"मग काय, दादाकडे सोडू?"

"त्याच्याकडंही नाही."

धाकट्याने ग्रंथपालबाईंकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "आई, इथं तमाशा नको. लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ताच टाळ्या वाजवून गेले," आजी म्हणाल्या.

धाकट्याने पिशवी खाली ठेवली, आणि ठेवताना ती आडवी झाली तर वाकून नीट उभी केली. आजींच्या ते लक्षात आले. लहानपणी दप्तर असेच ठेवायचा. त्या थोड्या डळमळल्या. एका शब्दाने त्याने जर म्हटले असते, की आई, कायमची चल, हे आठवडे पुरे झाले, तर त्या कदाचित उठल्याही असत्या. त्याने खिशातून फोन काढला आणि दुकानातून आलेला निरोप वाचला.

आजी सिस्टरकडे वळल्या. "सिस्टर, तुमची ती मागची खोली अजून रिकामी आहे?"

"आहे की," सिस्टर म्हणाल्या. खुर्ची त्यांनी आता कुठे खाली ठेवली. "पण मी फुकट ठेवणार नाही हं. रोज दुपारी मला पेपर वाचून दाखवावा लागेल. माझे डोळे आता कामातून गेलेत."

"दाखवीन. वाचता येतं मला." आजी मुलाला म्हणाल्या, "माझा चष्मा दादाकडं राहिलाय. त्याला म्हणावं, तेवढा पाठवून दे. बाकी काही नको."

ग्रंथपालबाईंनी त्या वेळी हॉलचे दिवे मालवले नाहीत. धाकटा गेला, सिस्टर आणि आजी पिशवीचा एकेक बंद धरून गेल्या, शिपाई गेला, तरी बाई दारालगतच्या रिकाम्या मांडणीसमोर उभ्या होत्या. माणसांना आत घेताना त्यांचे ओझे बाहेर ठेवायचा नियम आपण किती निष्ठेने पाळला, याचा त्या विचार करत होत्या.

पुढच्या आठवड्यात गावात व्हायची ती चर्चा झाली. दोन मुलगे असताना म्हातारी परक्याच्या घरी राहिली, कसली ही हौस, असे लोक म्हणाले. थोरल्याने चष्मा आपल्या ऑफिसच्या शिपायाच्या हाती पाठवला, स्वतः आला नाही. धाकटा एकदा सिस्टरच्या दाराशी आला, गोळ्या देऊन गेला. सिस्टरच्या मागच्या खोलीत दिव्याचे बटण दाराजवळ होते. पहिले तीन-चार दिवस आजी पहाटे उशाशी, मग पायथ्याशी चाचपत राहिल्या. एकदा बटण सापडले आणि त्या दिवा लावून त्या खोलीकडे पाहत बसल्या. मग त्या रडल्या, चांगल्या हुंदके देऊन. पलीकडच्या खोलीत सिस्टर जाग्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही, सकाळी फक्त चहा जरा दाट केला.

शनिवारी आजी कट्ट्यावर आल्या त्या रिकाम्या हाताने, डोळ्यांना चष्मा लावून. मांडणीजवळ ग्रंथपालबाई उभ्या होत्या. मांडणीवर चार-पाच पिशव्या होत्या. एक निळी, इतकी भरलेली की शिवण उसवायला आली होती. एकीतून औषधाच्या बाटलीचे टोपण दिसत होते. बाई त्या पिशव्यांकडे पाहत होत्या आणि आता त्यांना त्या दिसत होत्या.

सगळे बसले. पोस्टमननी सवयीने कादंबरीसाठी हात पुढे केला, पण बाईंनी पुस्तक मांडीवर मिटूनच ठेवले.

"आज वाचायला जरा उशिरा बसू," त्या म्हणाल्या. "आधी मला एक सांगा. तुम्ही सगळे इथं येता. इथून उठल्यावर कोण कुठं जाणार आहे?"

पंखा फिरत होता. एका बाईंनी बोटातली अंगठी फिरवायला सुरुवात केली, एक गृहस्थ उगाच खोकले. मला घाई नाही, असे म्हणून ग्रंथपालबाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून दिला. हे आपण आधी विचारायला हवे होते, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांना त्याची लाज वाटत होती ती त्यांनी लपवली नाही.

पोस्टमन आपल्या चपलांकडे पाहत होते. पाळी नसताना ते एव्हाना पेंगायला लागलेले असत. आज ते जागे होते.

"ती निळी," ते अखेर म्हणाले. "ती निळी पिशवी माझी आहे."

आजींनी आपली खुर्ची ओढून त्यांच्या जवळ घेतली आणि चष्मा काढून हातात धरला.

"सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "ऐकतोय आम्ही."